‘प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर’ असा बोर्ड लावून जबाबदारी टळत नाही

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: पब्लिक लायबिलिटी विम्यावर (आपल्या जागेत बाहेरच्या माणसाला इजा झाली तर द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा विमा) पैसे घालवू नका. कारणं पाच दिली आहेत. हा विमा फक्त केमिकल कारखान्यांसाठी असतो. दुकानाच्या पॉलिसीत हे आलेलंच असतं. दारावर ‘प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर, अपघातास व्यवस्थापन जबाबदार नाही’ असा बोर्ड लावला की झालं. काही घडलंच तर जागेवर पैसे देऊन, सही घेऊन मिटवा. आणि क्लेम तसाही मिळत नाही. मंगल कार्यालय चालवणाऱ्या माझ्या मेव्हण्याने हे वाचून बोर्ड रंगवायला दिलासुद्धा, म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य. भोपाळ दुर्घटनेनंतर आलेल्या 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याची सक्ती ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक पदार्थ हाताळणाऱ्यांनाच आहे. तिथे कामगारांखेरीज इतर बाधितांना मालकाची चूक सिद्ध न करता जिल्हाधिकाऱ्यांकडे मदत मागता येते. पण सक्ती नाही म्हणजे जोखीम नाही, हे कुठून काढलं? हॉटेल, शाळा, थिएटर, कार्यालय यांच्यासाठी वेगळी ‘नॉन-इंडस्ट्रियल’ पॉलिसी असते, ती उगाच नाही.

आता तो बोर्ड. पाहुण्यांच्या हात धुण्याच्या जागेपाशी फरशी ओली आहे, तिथे ‘सावकाश, फरशी ओली आहे’ अशी पाटी जरूर लावा. ती सावध करते आणि तुम्ही काळजी घेतली होती हे दाखवायलाही कामी येते. पण ‘आम्ही जबाबदार नाही’ हा बोर्ड काळजी घेत नाही, ती झटकतो. जागा सुरक्षित ठेवण्याचं तुमचं कर्तव्य अशा एकतर्फी ओळीने संपत नाही. आणि पाय घसरून पडलेल्या सात वर्षांच्या मुलाने कुठली अट मान्य केली होती?

अंगावरची जबाबदारी दुसरीकडे ढकलायची म्हणजे काय होतं, हे दिल्लीच्या उपहार थिएटरच्या प्रकरणात बघा. 13 जून 1997 ला तिथल्या आगीत 59 जण गेले. आग लागली ती वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरमुळे. तरी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा 85 टक्के भार थिएटरवर टाकला आणि 15 टक्के वीज मंडळावर. का? बाल्कनीत जास्तीच्या खुर्च्या घातल्या होत्या, बाहेर पडायची वाट अडवली होती. 20 वर्षांवरील मृतांसाठी 10 लाख, बाकीच्यांसाठी साडेसात लाख, वर 9 टक्के व्याज. 59 जणांचा हिशेब सगळ्यात कमी दराने केला तरी 4 कोटी 42 लाखांच्या पुढे जातो, व्याज वेगळं. आता आपल्या कार्यालयाचं मागचं दार आठवा. लग्नाच्या दिवशी त्याच्यासमोर डेकोरेटरचे पाइप आणि केटररचे क्रेट रचलेले असतात की नाही?

चौथा मुद्दा सगळ्यात घातक, कारण ज्यांनी विमा घेतलाय त्यांनाही तो बुडवतो. पॉलिसीत स्पष्ट अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैशाचा शब्द द्यायचा नाही, तडजोड करायची नाही. तुम्ही भलेपणाने वीस हजार हातावर ठेवले आणि ‘आमच्या चुकीने लागलं’ असं लिहून दिलं, तर क्लेम नाकारायचं कारण तुम्हीच पुरवलंत. शिवाय तक्रारीचा रस्ता त्या सहीने आपोआप बंद होत नाही. ग्राहक आयोगात जायला 2 वर्षं असतात.

करायचं ते असं: जखमीला आधी दवाखान्यात न्या, त्यात हयगय नको. जागेचे फोटो काढा. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घ्या, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुनं पुसून नवं भरत राहतो. साफसफाईचं रजिस्टर बाजूला काढा, साक्षीदारांचे नंबर लिहून ठेवा, विमा कंपनीला लगेच मेल करा. वकिलाची नोटीस आली तर स्वतः उत्तर न देता आधी कंपनीकडे पाठवा.

दुकानाच्या पॉलिसीचं थोडक्यात. आग आणि चोरीचे भाग तुमच्या मालाचे असतात, गिऱ्हाइकाच्या मोडलेल्या हाडाचे नव्हेत. लायबिलिटीचा भाग अनेकदा ऐच्छिक असतो. शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) त्यासमोर रक्कम आहे का आणि प्रीमियम लावलाय का ते बघा. आपले कामगार यात येत नाहीत, त्यांच्यासाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी वेगळी.

राहिला पाचवा मुद्दा. क्लेम नाकारले जातात, खरं आहे. पण कारणं बहुतेक वेळा कागदावर आधीच लिहिलेली असतात. जेवणातून विषबाधा, स्विमिंग पूल, लिफ्ट यांसाठी एक्स्टेन्शन, म्हणजे जादा कव्हर, लागू शकतं आणि ते घेतलेलं नसतं. एका अपघाताची आणि पूर्ण वर्षाची मर्यादा सारखीच ठेवली, तर पहिल्याच मोठ्या अपघातात वर्षाचं कव्हर संपतं. वकिलाचा खर्चही सहसा त्याच रकमेतून जातो. आणि ही पॉलिसी बहुधा ‘क्लेम्स मेड’ असते, म्हणजे अपघात रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेनंतरचा (पॉलिसीत दिलेली, जिच्यापासूनचे अपघात धरले जातात ती तारीख) हवा आणि दावाही पॉलिसी चालू असताना यायला हवा. रिन्यूअल चुकलं किंवा कंपनी बदलताना जुनी तारीख पुढे नेली नाही, तर गेल्या वर्षीच्या अपघाताची नोटीस तुमच्याच खिशावर येते. एजंटकडून ती तारीख नव्या शेड्यूलमध्ये छापून घ्या, तोंडी हो म्हणाला तर चालणार नाही.