गच्चीवरची बाग आणि ‘पुस्तकं मिटा’ म्हणणारा निरोप

इंदूरच्या मराठी घरांत गच्चीवर बाग करणाऱ्यांमध्ये एक निरोप पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: बागकाम वाचून येत नाही, हात मातीत घातल्यावरच येतं, आपल्या आजीने कुठलं पुस्तक वाचलं होतं? पुस्तकं सगळी विलायती हवेची. हल्ली व्हिडिओत सगळं दिसतंच. आणि वाचत बसणाऱ्याची कुंडी रिकामीच राहते. शेवटचं वाक्य थोडंफार खरं आहे. बाकीची तपासून घेऊ.

‘हात मातीत घातल्यावरच येतं’

तबल्यावर बोल चुकला तर त्याच क्षणी कानाला कळतं; तिथे हाताने शिकणं चालतं. स्वयंपाकघरातल्या सालींचं खत करायच्या बादलीत आज केलेली चूक तीन आठवड्यांनी वास मारते. कुंडीत पाणी तुंबल्याचं पान पिवळं पडून कळतं, तोवर मूळ कुजायला लागलेलं असतं. पावसाळा वर्षातून एकदाच येतो. नुसत्या हातांच्या भरवशावर राहिलं तर एकेका चुकीला एकेक हंगाम द्यावा लागतो.

लाकडाच्या भुशाचंच बघा. बादलीला वास आला की सुताराकडून भुसा आणून ओततात. वास जातो, म्हणून हात सांगतो की जमलं. पुस्तक मात्र कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण सांगतं: चांगलं कुजायला एका भाग नत्राला साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. भाजीच्या सालींत तो १५ ते २५ असतो, वाळक्या पानांत ४० ते ८०, आणि भुशात २०० च्या वर. इतका कर्ब पचवायला जिवाणू मिळेल ते नत्र ओढून घेतात. असं अर्धकच्चं खत कुंडीत गेलं की मातीतलं नत्रही त्यात अडकतं आणि झाडाची खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोक मग युरिया टाकतात. मूळ कारण दोन महिन्यांपूर्वीच्या भुशात आहे, हे हाताला कुठून कळणार?

बादलीतल्या खताचं माप सोपं आहे. एक वाटी चिरलेल्या सालींना दोन वाट्या चुरलेली वाळकी पानं, वर मूठभर जुनं खत. २० लिटरच्या बादलीला तळाशी आणि बाजूंना दर चार बोटांवर भोक, खाली दोन विटा. दर तीन-चार दिवसांनी हलवायचं. मूठभर घेऊन घट्ट पिळलं तर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पानं वाढवा. काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा, मे महिन्यात ते लागतंच. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कमी; डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त. मळकट पांढऱ्या, जाड अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या काम करताहेत, त्यांना फेकू नका.

‘पुस्तकं सगळी विलायती हवेची’

हे इंदुरात कुणी म्हणावं याची गंमत वाटते. खत करण्याची जी रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी, बसवली गेली. संस्था १९२४ ची. तिचे संचालक, इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ साली ही रीत पुस्तकात मांडली आणि त्या पुस्तकावरूनच ती परदेशांत गेली. शिवाय हॉवर्डनी स्वतः चीन, कोरिया आणि जपानच्या शेतीवरचं एफ. एच. किंग यांचं १९११ चं पुस्तक वाचलेलं होतं. इथल्या शेतकऱ्यांकडूनही ते शिकले. वाचणं आणि मातीत हात घालणं ही त्यांची भांडणारी कामं नव्हती.

आक्षेपात तथ्य आहे ते इतकंच, की पुस्तक कुठल्या जमिनीवर बसून लिहिलंय हे आधी बघावं लागतं. इंग्लंडमधल्या बऱ्याच जमिनी आम्ल, म्हणून तिथली पुस्तकं चुना किंवा लाकडाची राख घाला म्हणतात. माळव्याची काळी माती मुळातच अल्कधर्मी. तिच्या कुंडीत राख ओतली की लोह झाडाला मिळेनासं होतं: मोगऱ्याची आणि लिंबाची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. जुनी पानं पिवळी पडली तर नत्र, कोवळी पडली तर लोह, हा फरक वहीत लिहून ठेवण्याजोगा. (राख इंदूर पद्धतीतही आहे, पण ती ढिगात पातळ भुरभुरायची, आम्लता वाढू नये म्हणून. कुंडीत ओतायला नव्हे.)

आकडेही डोळे मिटून उचलायचे नाहीत. हॉवर्ड-वाडांचा खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल. एवढ्या ढिगात उष्णता कोंडून राहते. घनमीटरभर ढीगही नीट रचला तर ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. बादली तापत नाही, कारण आतला माल थोडा आणि बाहेरचा पृष्ठभाग मोठा. म्हणून बादलीतल्या खतातून टोमॅटोची आणि पपईची रोपं उगवतात. रोगट पानं आणि बी धरलेलं तण बादलीत टाकू नये, ते याचसाठी.

‘आजीने कुठलं पुस्तक वाचलं होतं?’

नव्हतं वाचलं. तिच्याकडे परसदार होतं, बहुतेकदा गायही. खड्ड्याचं जादा पाणी जमीन पिऊन टाकत होती. तुमच्याकडे चौथ्या मजल्यावर प्लास्टिकची बादली आहे, आणि ती पाणी पीत नाही.

‘व्हिडिओत सगळं दिसतंच’

गुलाबाला डोळा कसा भरायचा (म्हणजे कलम कसं करायचं), चाकूचा काप किती खोल द्यायचा, हे व्हिडिओतच बघावं. त्यासाठी पुस्तकाची दोन पानं खर्च करणं वाया. पण ओल, वास आणि ऊब पडद्यावर येत नाही, आणि खत होतानाचे मधले सत्तर दिवस कापलेले असतात. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, ही साधी गोष्ट फार कामाची: लक्षण शोधा, पान उघडा, कारण वाचा.

‘वाचत बसणाऱ्याची कुंडी रिकामीच’

असे वाचक आहेत खरे. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं ठरवलं की असंच होतं. आज जी अडचण आहे तेवढंच प्रकरण वाचा, त्यातली एकच सूचना उचला, आणि एकसारख्या दोन कुंड्यांपैकी एकीतच करा. दुसरी जशी आहे तशी ठेवा, दोन्हींवर तारीख घाला. दोन बदल एकदम केले तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

पहिलं प्रकरण कोरड्या पाल्याच्या साठ्याचं घ्या. जुलैत साली ओल्या, हवा ओली, आणि वाळकं पान शोधून सापडत नाही. वास येणाऱ्या बादल्यांची तक्रार तेव्हाच वाढते. पिंपळ आणि कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतात. तेव्हाच दोन गोणी भरून, चुरून, जिन्याखाली कोरड्या जागी ठेवायच्या. २० लिटरची एक बादली भरेपर्यंत साधारण एक गोणी लागते.