‘पाच तास होते, मग धावपळ कसली?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. आईला जर्मनीहून नागपूरला घरी आणलं त्या प्रवासावर मी जे लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मुंबईत पाच तास हाताशी असताना धावपळ झाली हे तुम्हाला पटत नाही. पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढायची आणि मग कुरकुर करायची, हे तुम्हाला आवडलं नाही. आणि असं लिहिल्यामुळे म्हातारी माणसं मुलांकडे जायलाच घाबरतील, असं तुम्ही म्हणता. शिवाय ‘समृद्धी झालाय, सरळ गाडी मागवायची’ हा सल्ला. तिसरा आक्षेप मनाला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिकिटाचं. तिकीट एकच होतं, फ्रँकफर्ट–मुंबई–नागपूर, एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर. आई सोबत असताना मी दुसरा विचारच करत नाही. एका तिकिटावर पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तर नंतरच्या विमानात जागा देणं कंपनीकडे लागतं. सामानाची मर्यादाही परदेशच्या प्रवासाचीच धरतात. तिकिटं वेगळी असली की देशातल्या विमानात साधारण १५ किलो. मग २३ किलोची बॅग काट्यावर ठेवली की वरच्या प्रत्येक किलोला शेकड्यांत पैसे मोजायचे. आणि विमान चुकलं तर त्याचं तिकीट बुडालंच.

पण एक तिकीट म्हणजे बॅग थेट नागपूरला, असं मात्र नाही, आणि बहुतेक ज्येष्ठांची गफलत होते ती इथेच. परदेशातून येताना देशात जिथे पहिल्यांदा उतरतो तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स, हा सर्वसाधारण नियम आहे. बॅगेला नागपूरचा टॅग असला तरी मुंबईत ती पट्ट्यावरून उचलायची, कस्टम्समधून न्यायची आणि पुन्हा जमा करायची. फ्रँकफर्टच्या काउंटरवरच्या मुलीने टॅगवरच्या ‘एनएजी’ या अक्षरांवर बोट ठेवून आईला हसून सांगितलं होतं, नागपूरपर्यंत. आईने ते मनात पक्कं धरलं. मुंबईत मी पट्ट्याकडे वळले तर ती म्हणते, ‘अगं, बॅग नागपूरलाच येईल म्हणत होती ना ती?’ ती एकटी असती तर बॅग पट्ट्यावर फिरत राहिली असती आणि ही बाहेर पडली असती.

आता पाच तास. आम्ही रात्री एकच्या सुमारास उतरलो, नागपूरचं विमान सकाळी सहाला. बॅग जमा करणं सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे हातात पाच नव्हे, चारच तास. व्हीलचेअर असली की सगळं झटपट होतं, असं तुम्ही लिहिलंय. व्हीलचेअरचा प्रवासी विमानातून सगळ्यात शेवटी उतरतो, काका. सगळं विमान रिकामं होतं, सफाईवाले आत यायला लागतात, तेव्हा खुर्ची दाराशी येते. आईचे पाय इतके सुजले होते की बूट चढेनात. टाच कशीबशी आत सरकवून नाड्या तशाच सोडून आम्ही निघालो. मग इमिग्रेशन. मग पट्टा. आमची एक बॅग लवकर आली, दुसरी सगळ्यांच्या मागून. मग कस्टम्सचं एक्स-रे मशीन, मग बॅगा पुन्हा जमा करायची रांग. मधे दोनदा स्वच्छतागृह, कारण विमानात उठावं लागेल म्हणून आई पाणीच पीत नव्हती आणि उतरल्यावर मी तिला ते आग्रहाने पाजलं.

त्यापुढे सिक्युरिटी. आईचा एक गुडघा बदललेला आहे. धातू असल्यामुळे चौकटीतून जाताना आवाज होतोच, मग पडद्याआड तपासणी. सीआयएसएफच्या बाई हातातलं यंत्र निऱ्यांवरून खाली नेत होत्या, गुडघ्याशी ते पुन्हा वाजलं. ‘कधी केलं ऑपरेशन?’ त्यांनी विचारलं. आई उभ्या उभ्या साल आठवत बसली, तर म्हणाल्या, ‘राहू द्या मावशी, बसा आधी.’ त्या भल्याच होत्या. पण भलेपणालाही वेळ लागतो, आणि तो लागायलाच हवा. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा बोर्डिंगची रांग लागलेली होती. यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. पाच तास होते म्हणूनच पोचलो. संकेतस्थळावर हाच प्रवास अडीच तासांच्या थांब्यानेही मिळत होता, आणि पंचविशीतला एकटा, पाठीवर बॅग टाकलेला मुलगा कदाचित तोही करू शकेल. थांबा ठरवताना सोबतचं सगळ्यात हळू चालणारं माणूस कोण ते बघा, एवढंच मी त्या लेखात सांगत होते.

टर्मिनलचंही तेच. देशातली विमानं मुंबईत टी-१ आणि टी-२ दोन्हींकडून सुटतात. टी-२ सहारला, टी-१ सांताक्रूझच्या बाजूला. मेट्रो ३ वर दोघांमध्ये फक्त सहार रोड हे एक स्टेशन आहे, दिवसा उत्तम सोय. पण युरोपातली बरीच विमानं उतरतात रात्री, आणि तेव्हा मेट्रो बंद. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय, तेव्हा ‘मुंबई’ एवढंच वाचून तिकीट काढू नका. तिकिटावर जुन्या मुंबई विमानतळाची अक्षरं बीओएम, नव्या मुंबईच्या विमानतळाची एनएमआय. बीओएमला उतरून पुढचं विमान एनएमआयहून असेल, तर रात्री सामानासकट खाडी ओलांडून उलव्याला जायचंय.

समृद्धीबद्दल मलाही अभिमान आहे. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. पण रात्री एकला विमानतळावर येणारा ड्रायव्हर बहुधा दिवसभर चालवून किंवा ताटकळून आलेला असतो. त्याने झोप न घेता लगेच परत निघायचं, आणि आईने तो गुडघा मुडपून आणखी आठ-नऊ तास बसायचं? याच रस्त्यावर १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली. रात्रीचा तो प्रवास मी माझ्या माणसांना करू देणार नाही. मुंबईत झोप काढून सकाळी निघणार असाल तर खुशाल समृद्धीने जा.

आणि घाबरवण्याबद्दल. ज्येष्ठ माणसं प्रवासाला घाबरत नाहीत, काका. आपल्यामुळे कोणाचा खोळंबा होईल, याला घाबरतात. माझी आई व्हीलचेअरला ‘मी काय अपंग आहे?’ म्हणून नकार देत होती. व्हीलचेअरसाठी तिकिटावर येणारी ‘डब्ल्यूसीएचआर’ ही खूण म्हणजे पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, एवढाच त्याचा अर्थ, हे सांगितल्यावर ती तयार झाली. पुढे काय येणार हे आधी कळलं की माणूस शांत राहतो. सगळं छान होईल म्हणून पाठवायचं आणि रात्री दोन वाजता पट्ट्याशी एकटं सोडायचं, त्याने भीती बसते.

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरमध्ये काकूंना घेऊन मुलीकडे जाताय. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी तरी. येताना दोन कंपन्या असतील तर दोघांकडे वेगवेगळी सांगा, कारण पहिलीची माणसं तुम्हाला आगमनाच्या दारापर्यंतच सोडतात. काकूंची औषधं हातातल्या पिशवीत. परतीचं तिकीट पक्कं करण्याआधी थांबा किती आणि टर्मिनल कोणतं ते इथे खाली लिहा, मी नक्की बघून सांगते.