बकुळीचा सुगंध तिच्या लाकडात मुरत नाही

बकुळीबद्दलचा एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: बकुळीच्या फुलात कधीही न उडणारं सुगंधी तेल असतं, म्हणून फूल वाळलं तरी वास राहतो. तेच तेल खोडात मुरतं, म्हणून लाकूड कुजत नाही. यावरून झाड जितकं सुवासिक तितकं त्याचं लाकूड टिकाऊ, आणि बकुळीच्या लाकडाची वस्तू घरात ठेवली की ती आयुष्यभर दरवळते.

फुलाचा वास टिकतो हे खरं. लाकूड टिकतं हेही खरं. या दोहोंना जोडणारा दुवा मात्र चुकीचा आहे, आणि त्या चुकीपायी बकुळीची खरी कमाल झाकली जाते याचं मला वाईट वाटतं.

आधी ते ‘न उडणारं’ तेल. जे उडत नाही त्याचा वास येऊच शकत नाही. रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोचला तरच वास कळतो. शिवाय बकुळीच्या फुलात एकच द्रव्य नाही, अनेकांचं मिश्रण आहे. त्यात मोठा वाटा फेनिलइथेनॉलचा. गुलाबाला गुलाबपण देणारं द्रव्य तेच. जोडीला मिथाइल बेंझोएट, सिनॅमाइल अल्कोहोल, पॅरा-मिथाइल अ‍ॅनिसोल वगैरे. मिथाइल बेंझोएट साधारण 200 अंश सेल्सिअसला उकळतं, फेनिलइथेनॉल 220 च्या आसपास, सिनॅमाइल अल्कोहोल तर 250 ला. शुद्ध स्वरूपात ते 33 अंशांखाली घनरूपच असतं. जितक्या जास्त अंशांना उकळतं तितकं द्रव्य सावकाश उडतं. त्यामुळे हलकी द्रव्यं आधी निघून जातात आणि जड द्रव्यं सावकाश, महिनोन् महिने सुटत राहतात. पहाटे झाडाखाली वेचलेलं फूल आणि वहीत जपलेलं जुनं फूल एकापाठोपाठ एक हुंगून पाहा. वास एकच नाही. ताज्या फुलाची धार गेलेली असते, उरतो तो जड, मधाळ गोडवा.

फुलाची ठेवणही यात मदत करते. खाली पडतं ते अख्खं फुलचक्र: सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचं, चोवीस अरुंद पाकळ्यांचं, मधोमध आयतं भोक असलेलं. दोरा त्यातूनच ओवतात. या पाकळ्यांत पाणी कमी, म्हणून त्या सडण्याआधी सुकतात. मोगरा खुडल्यावरही काही तास वास तयार करत राहतो, पण पाकळी मेली की ते काम थांबतं आणि फूल तपकिरी, ओलसर होऊन जातं.

आता मुख्य मुद्दा, तेल खोडात मुरण्याचा. फुलाचा वास फुलातच तयार होतो आणि हवेत जाण्यासाठीच होतो. त्याचं काम कीटकांना बोलावण्याचं. फूल गळलं की त्यातलं द्रव्य परत खोडात उतरत नाही.

तरीही या दाव्याच्या आसपास एक सुंदर सत्य आहे. बकुळीच्या गंधातली मुख्य द्रव्यं ज्या अमिनो आम्लापासून, म्हणजे प्रथिनांच्या एका घटकापासून, बनतात ते म्हणजे फेनिलअ‍ॅलनिन. आणि लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निनही झाड त्याच फेनिलअ‍ॅलनिनपासून बनवतं. लिग्निनचे घटक रेणू सिनॅमाइल अल्कोहोलचे अगदी जवळचे नातलग आहेत. फरक इतकाच की फुलात ते सुटे आणि हलके राहतात, तर खोडात हजारोंच्या संख्येनं एकमेकांत गुंफले जाऊन पेशीभित्तीत कायमचे अडकतात. माल एक, पण तिथून वाटा अगदी वेगळ्या. अडकलेला रेणू उडत नाही, म्हणून त्याला वासही नाही.

बकुळीचं लाकूड टिकतं ते मुख्यतः दोन कारणांनी. एक, ते विलक्षण घट्ट आहे; वाळलेल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण 800 ते 1100 किलो भरतं, म्हणजे काही तुकडे पाण्यात बुडतात. दुसरं, गाभा तयार होताना पेशी मरण्याआधी टॅनिनसारखी कडवट, न उडणारी द्रव्यं तिथे साठवून ठेवतात, आणि ती बुरशीच्या कामात अडथळा आणतात. कुठल्याही सुताराला विचारा, टिकतो तो तांबूस गाभा. कडेच्या पांढरट लाकडाला भुंगा लागून पीठ पडतं. त्या पांढऱ्या भागात ही साठवण झालेलीच नसते. बकुळीची साल दात घासायला वापरतात, तिचा तुरटपणाही टॅनिनचाच.

सुवासिक झाडाचं लाकूड टिकाऊ, हा नियम तर आपल्याच रस्त्यांवर मोडतो. सातवीण फुलली की अख्खी गल्ली घमघमते, पण तिचं लाकूड हलकं आणि मऊ. उलट सागाच्या फुलांचा वास घ्यायला कुणी थांबत नाही, पण गाभ्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे वाळवी त्यापासून लांब राहते. चंदनात तर सगळंच उलट: फुलाला वास नाही, सुगंध गाभ्यात. त्या गाभ्यातलं सुगंधी द्रव्य सँटॅलॉल 300 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून ते लाकूड वर्षानुवर्षं दरवळतं. लाकूड सुगंधी असू शकतं, पण तो त्याच्या फुलाचा सुगंध नव्हे.

राहिली दरवळणारी वस्तू. कनौजला बकुळीचं, म्हणजे तिकडच्या मौलसिरीचं, अत्तर काढतात तेव्हा डेगेत, म्हणजे मोठ्या भांड्यात, फुलं घालतात आणि त्यांची वाफ परंपरेनं चंदनाच्या तेलात उतरवतात. बकुळीच्या लाकडातच तो वास असता तर एवढी खटपट कशाला केली असती? तेव्हा बकुळीचं म्हणून विकत घेतलेलं लाकूड फुलासारखं दरवळत असेल, तर त्यावर अत्तर चोळलेलं आहे असं खुशाल समजा. वास हवा असेल तर झाडाखालची फुलं वेचून सावलीत वाळवा. फेनिलइथेनॉल पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, लिटरला 20 ग्रॅमच्या आसपास. म्हणून मूठभर फुलं रात्रभर पाण्यात टाकली तर सकाळी त्या पाण्यालाही बकुळीचा वास येतो.