सरकारी नोकराला घर फुकटात पडतं म्हणे, चला हिशोबच करू

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात असं लिहिलंय की सरकारी नोकराला राहायला फुकट क्वार्टर, वरून घरभाडं, घर घ्यायला बिनव्याजी कर्ज, म्हाडात राखीव फ्लॅट, रिटायर झाल्यावर अर्धा पगार पेन्शन, आणि एवढं सगळं असल्यामुळे नाशिकमधल्या फ्लॅटचे भाव यांनीच वाढवलेत, तरी संपावर जायला हेच पुढे. पटलं तर दहा जणांना पाठवा.

मी सरकारी नोकर नाही हे आधीच सांगतो. अंबडला एका कंपनीत आहे, तेही कॉन्ट्रॅक्टवर. बायको झेडपीची शिक्षिका आहे, पेठ तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी पाथर्डी फाट्याला टू बीएचके घेतला, त्यामुळे या मेसेजमधला एकेक फायदा आम्ही अक्षरशः शोधत फिरलोय, की बाबा कुठे मिळतो हा, आम्हालाही द्या.

पहिलं क्वार्टर आणि घरभाड्याचं. ही दोन्ही एकाच माणसाला एकावेळी मिळतच नाहीत. क्वार्टर मिळालं की पगारातला घरभाडे भत्ता बंद होतो आणि वर लायसन्स फी, म्हणजे क्वार्टरचं भाडं, कापतात. नवरा-बायको दोघं सरकारी, एकाच गावात, आणि एकाच्या नावावर क्वार्टर असेल तर दुसऱ्याचाही भत्ता जातो. म्हणजे 'फुकट'ची किंमत दर महिन्याला स्लिपवर दिसते. शिवाय क्वार्टर नोकरीपुरतंच, रिटायर झालात की काही महिन्यांत सामान बाहेर. पोलिस वसाहतीतल्या कुठल्याही घरी जाऊन विचारा, दोन खोल्यांत किती माणसं आणि पावसाळ्यात बादल्या कुठे कुठे ठेवाव्या लागतात, मग फुकट शब्द परत वापरा.

आता भत्ता किती. सातव्या वेतन आयोगाचं कोष्टक असं आहे की मोठी शहरं एक्स, नाशिकसारखी वाय, बाकी सगळी झेड. सुरुवातीला २४, १६ आणि ८ टक्के होतं, महागाई भत्ता ५० टक्क्यांच्या घरात गेल्यावर ३०, २०, १० झालं. हे टक्के नुसत्या मूळ वेतनावर, महागाई भत्ता धरून नाही, आणि मेसेजवाला नेमका इथेच घोळ घालतो, पूर्ण पगारावर टक्के लावून मोकळा. नवीन लागलेल्या क्लार्कचं मूळ वेतन १९,९००, त्याचे २० टक्के ३,९८०. तलाठ्याचं २५,५००, म्हणजे ५,१००. आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा वन बीएचकेला नऊ हजार देत होतो आणि घरमालक दर अकरा महिन्यांनी 'काय करता मग' म्हणून फोन करायचा. ३,९८० मध्ये नाशकात काय मिळतं हे ज्याला माहीत असेल त्याने मला कळवा, मी आईला तिकडे हलवतो.

आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातही नसेल अशी एक गोष्ट आहे. भत्ता तुम्ही जिथे राहता त्या गावाचा नसतो, जिथे पोस्टिंग आहे तिथला असतो. बायकोची शाळा सावळघाटाच्या पलीकडे, म्हणजे झेड, म्हणजे १० टक्के. तिचं मूळ वेतन ३१,९०० आणि घरभाडं ३,१९०. ती सोमवार ते शनिवार तिथेच खोली घेऊन राहते कारण २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावीच, राहते असा ग्रामसभेचा ठराव लागतो, तो नसेल तर तेवढंही जातं. मुलीची शाळा इथे, आजी इथे, मी इथे. मग दोन चुली. एका चुलीला ३,१९० आणि दुसरीला बँकेचा हप्ता. शनिवारी दुपारी ती जीप पकडून घरी येते आणि रविवारी रात्री परत डबा भरायला घेते, हा आमचा 'डबल फायदा'.

दुसरं, बिनव्याजी कर्ज. हे कोणी पसरवलं देव जाणे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना घरबांधणी अग्रिम मिळतो, त्याला व्याज आहे, २०२२-२३ मध्ये ते ७.१ टक्के होतं. बँकेपेक्षा बरं आहे हे मान्य, सरळव्याज आहे आणि आधी मुद्दल मग व्याज अशी कापणी असते, त्यात खरंच फायदा आहे. पण मर्यादा बघा ना, २०१७ च्या नियमांनुसार मूळ वेतनाच्या ३४ पट किंवा २५ लाख, यातलं जे कमी असेल ते. केंद्राच्या शिपायाचं मूळ वेतन १८,०००, गुणिले ३४ केलं की ६ लाख १२ हजार. पूर्ण २५ लाख उचलायला मूळ वेतन साडेत्र्याहत्तर हजारांवर पाहिजे आणि तिथवर पोचलेल्या साहेबांचा एक फ्लॅट बहुतेक आधीच झालेला असतो. ६ लाखांत आज नाशकात फ्लॅट नाही, फार तर पार्किंग आणि मॉड्युलर किचन होईल.

राज्याच्या कर्मचाऱ्यांनाही अग्रिम आहे, कागदावर. मिळतो तेव्हा जेव्हा बजेटमध्ये तरतूद असते, आणि ज्याने कुणी सरकारी ऑफिसात अर्ज टाकलाय त्याला 'तरतूद उपलब्ध झाल्यावर' या तीन शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको. आम्हीही टाकला होता. घराची वास्तुशांत झाली, मुलीचा दुसरा वाढदिवस नव्या घरात झाला, उत्तर यायचंय. शेवटी बँकेचंच कर्ज, त्याच दराने ज्या दराने शेजारच्या मेडिकलवाल्याला मिळालं.

हां, एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. माझ्या पगारावर बँकेने आम्हाला चहासुद्धा विचारला नव्हता. बायकोची स्लिप पुढे केली आणि खुर्ची आली. नोकरी जाणार नाही हा जो भरवसा आहे ना, तोच सरकारी नोकराचा खरा घरासाठीचा फायदा, आणि तो छोटा नाही. अंबड-सातपूरच्या कॉन्ट्रॅक्ट कामगाराला तो नाही, त्याचा राग येत असेल तर मला समजतो, मी त्याच लाईनीत उभा आहे. पण बँकेने कर्ज दिलं म्हणजे सरकारने घर दिलं असं होत नाही, ते सगळं व्याजासकट परत करायचंय.

आता ४० लाखांचा फ्लॅट धरा. ३० लाखांच्या वरच्या कर्जाला बँक ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ३२ लाख. ८ लाख तुमचे. स्टॅम्प ड्युटी नाशिक महापालिका हद्दीत बाईच्या नावावर घेतलं तरी ५ टक्के, म्हणजे २ लाख, नोंदणीचे ३० हजार, बांधकाम चालू असलेला असेल तर वर जीएसटी. दहा-साडेदहा लाख रोख हवेत आणि बँक यातल्या स्टॅम्प ड्युटीला धरत नाही. ३२ लाखांचा २० वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २७,७०० च्या पुढे. यातलं सरकारी नोकर म्हणून एका रुपयाची सूट दाखवा. बाईच्या नावाची एक टक्का सूट आहे, ती सगळ्या बायकांना आहे. व्याजावरची इन्कम टॅक्सची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या पद्धतीत सगळ्यांना आहे, मलाही.

म्हाडाचं पटकन उरकतो. राखीव आहे, खरं आहे, राज्य कर्मचाऱ्यांना ५ टक्के आणि केंद्राच्या २. म्हणजे शंभर घरांच्या लॉटरीत पाच. तेही लॉटरीच, नंबर लागला तर. उत्पन्नाची अट तीच, नाव कुठल्या घरावर नसावं ही अट तीच, आणि पैसे पूर्ण भरायचे, राखीव म्हणजे सवलतीत नव्हे. नाशकात म्हाडाची घरं हा विषय काढायचाच असेल तर चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर बिल्डरने २० टक्के घरं छोट्या उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायची हा जो २०१३ चा नियम आहे त्याबद्दल बोला की. ती घरं म्हाडाकडे आलीच नाहीत म्हणून २०२२ मध्ये विधान परिषदेपर्यंत गाजावाजा झाला होता. त्यावर फॉरवर्ड कधी दिसला नाही मला.

आता पेन्शन, आणि इथे मला त्या काकांबद्दल लिहावं लागेल ज्यांनी मेसेज टाकला. आमच्याच बिल्डिंगमधले, माणूस सोन्यासारखा, गणपतीत पहिली वर्गणी त्यांची. २०११ ला सरकारी खात्यातून रिटायर झाले. मेसेज आल्यावर मी त्यांना खाली बाकावर गाठलं आणि आमची गोष्ट सांगितली, की डाऊन पेमेंटला दागिने ठेवले. ते म्हणाले, अरे मग जीपीएफमधून, भविष्य निर्वाह निधीतून, काढायचे ना, मी सिडकोतलं घर घेताना ना-परतावा काढले होते, म्हणजे परत भरायचे नाहीत असे, वर अग्रिम घेतला, नंतर पेन्शनच्या अंशराशीकरणातून, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी घेऊन, इथला फ्लॅट. मी म्हटलं काका, तिला जीपीएफच नाही.

त्यांना खरंच माहीत नव्हतं.

१ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही आणि जीपीएफही नाही, केंद्रात ही तारीख १ जानेवारी २००४. पगारातून १० टक्के कापतात, सरकार १४ टक्के घालतं, पैसे बाजारात लागतात, शेवटी जे जमेल ते. घरासाठी मधेच काढता येतात का, येतात, तीन वर्षांनंतर, स्वतः भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत. बायको २०१९ ला लागली, पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून ६ हजारांवर काढली (मानधन १६ हजार झालं २०२३ मध्ये, तोवर तिची तीन वर्षं संपली होती, नशीब असतं एकेकाचं), कापणी सुरू झाली २०२२ पासून. तिच्या भरलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शाचा हिशोब काढला तर आज चाळीस-बेचाळीस हजार येतात. काकांनी त्यांच्या काळात याच कामासाठी काढलेल्या पैशातून अख्खं घर उभं राहिलं, आमच्या फक्त खिडक्यांच्या जाळ्या होतील.

मग मला मेसेज नीट कळला. तो खोटा आहे असं नाही, तो काकांबद्दल आहे. २००५ च्या आधी लागलेला, बरीच वर्षं एकाच शहरात पोस्टिंग मिळालेला, कायम नोकरीतला माणूस. त्याला यातलं बरंच मिळालं, वेगवेगळ्या वेळी, आणि मेसेजवाल्याने त्याची पस्तीस वर्षं एका दिवसात घालून आजच्या शिक्षिकेच्या, हवालदाराच्या नावावर टाकलीत. २०२३ च्या मार्चमध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्य कर्मचाऱ्यांचा जो संप झाला तो याच फरकासाठी होता. युनिफाइड पेन्शनचा पर्याय त्यानंतर आला, त्याची तुलना अजून शिक्षकांच्या जीपमध्ये रोज चालू असते.

आणि 'सरकारी' म्हणून नाशकात आपण कोणाकोणाला एका पिशवीत टाकतो ते पण बघा. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याचे प्रेसवाले २००६ पासून महामंडळ-कंपनीचे, ओझरचा विमान कारखाना एचएएल ही कंपनी, एसटीवाले महामंडळाचे, त्यांनी तर २०२१-२२ मध्ये आम्हाला सरकारी करा म्हणूनच महिनोन्महिने संप केला. अंगणवाडी ताई आणि आशा मानधनावर, त्यांना घरभाडं नावाचा रकानाच नाही. पण वेतन आयोगाची बातमी आली की सगळ्यांच्या घरमालकाला वाटतं पगार वाढला, आणि भाडं वाढवायचा फोन आशाताईलाही जातो. आठव्या आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ ला झाली तेव्हापासून हे सुरूच आहे.

राहिला शेवटचा, भाव यांनी वाढवले. अहो समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरीच्या खाली उतरून पूर्ण झाला, सिंहस्थाची कामं आणि रिंगरोडच्या चर्चा चालू आहेत, पेपरात प्लॉटच्या जाहिराती मोजून बघा. एप्रिल २०२५ मध्ये रेडी रेकनरच, म्हणजे जमीन-घरांचे सरकारी दरच, महापालिका हद्दीत सरासरी ७.३१ टक्क्यांनी वाढलं, त्याबरोबर स्टॅम्प ड्युटीही वाढली, ती तलाठ्याने भरली आणि मेडिकलवाल्यानेही. ज्याला घर घ्यायला ३४ पट मूळ वेतनाचा हिशोब करावा लागतो तो भाव कसा वाढवेल, तो तर बिल्डरला 'पाच-पन्नास कमी करा' म्हणत बसलेला असतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये २४ फ्लॅट आहेत. सरकारी पगारावर घेतलेले चार, त्यात काका धरून. सात फ्लॅट पहिल्या दिवसापासून कुलूपबंद, मालक मुंबई-पुण्याचे, दोन-दोन नावांवर घेऊन ठेवलेले. मेसेजला अंगठे दाखवणाऱ्यांत त्यांच्यातला एकही नव्हता, ते ग्रुपवरच नाहीत, मेंटेनन्स मागायला सेक्रेटरीला दर तिमाहीला त्यांना फोन लावत बसावं लागतं.