फ्री स्पिन घेण्याआधी हा हिशेब एकदा करून बघा

ऑनलाइन कॅसिनोच्या जाहिरातीत '५० फ्री स्पिन', म्हणजे स्लॉट या चाकं फिरवायच्या जुगाराच्या ५० फुकट फेऱ्या, ठळक असतात आणि अटी तळाशी बारीक अक्षरात. त्या न वाचणाऱ्याला मी दोष देणार नाही. कुणी वाचूच नयेत अशाच त्या लिहिलेल्या असतात. पण खरा व्यवहार तिथेच ठरतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

फ्री स्पिनवर जिंकलेली रक्कम सहसा लगेच तुमची होत नाही. ती बोनस खात्यात पडते, आणि काढायची तर आधी तिच्या ठराविक पट बेट लावाव्या लागतात. याला वेजरिंग म्हणतात. ३० पट, ३५ पट, ४० पट हे सर्रास दिसणारे आकडे. समजा, स्पिनमधून १०० मिळाले आणि अट ३५ पटीची आहे. म्हणजे एकूण ३५०० च्या बेट. स्लॉटचा परतावा, ज्याला आरटीपी म्हणतात, तो ९६ टक्के धरू. दर शंभरामागे सरासरी ४ कॅसिनोकडे राहतात, म्हणजे ३५०० वर १४०. हातात आलेत शंभर, आणि ते सोडवून घ्यायचा सरासरी खर्च एकशे चाळीस!

अर्थात प्रत्येकाचे १४० जात नाहीत. बहुतेकांचे शंभर वाटेतच संपतात आणि मोजक्या लोकांना एखादा मोठा डाव लागतो. बोनसमध्ये खेळाडूच्या फायद्याचं काही असलंच तर ते या मोठ्या डावातच. कॅसिनोला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून पुढची अट येते: बोनसमधून जास्तीत जास्त इतकेच काढता येतील, वरचे रद्द. या अटीची मला सगळ्यात जास्त चीड येते. स्वतःचे पैसे भरून हरायला लागलात तर कुणी अडवत नाही, आणि फुकटच्या स्पिनवर जिंकलात तर कात्री तयार असते.

बाकीच्या अटीही आहेतच. एका बेटची कमाल रक्कम ठरलेली असते. ती चुकून ओलांडली तर सगळी जिंकलेली रक्कम जप्त होऊ शकते. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळासारख्या कमी तोट्याच्या खेळातल्या बेट वेजरिंगच्या हिशेबात १० टक्केच धरतात किंवा धरतच नाहीत. मुदत कधी फक्त २४ तासांची. शिवाय एकच स्लॉट वेगवेगळ्या आरटीपीवर चालवता येतो, त्यामुळे तुम्ही ऐकलेले ९६ टक्के तुमच्या साइटवर असतीलच असं नाही.

माझा भाचा म्हणाला, "मामा, माझं काय जातंय? पैसे तर त्यांचेच आहेत." तुम्हाला नेमकं हेच वाटावं, असं कॅसिनोला हवं असतं. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की नुकत्याच जिंकलेल्या पैशांनी माणूस जास्त धोका पत्करतो, कारण ते त्याला स्वतःचे वाटत नाहीत. बोनस खेळताना मोठ्या बेटची, भराभर फिरवण्याची सवय लागते. मग शिल्लक शून्य होते आणि समोर पैसे भरायचं बटण असतं. तोवर तुमचा फोन नंबर, ईमेल त्यांच्याकडे गेलेला असतो. बऱ्याच ठिकाणी तर बोनसची रक्कम काढण्याआधी एकदा स्वतःचे पैसे भरावेच लागतात.

'सर्वोत्तम बोनस'च्या याद्या देणाऱ्या साइट्सवरही विसंबू नका. त्यांच्या लिंकवरून गेलेल्या खेळाडूच्या तोट्यातला ठराविक वाटा त्यांपैकी अनेकांना मिळतो.

हे बदलता येत नाही असं मुळीच नाही. २०१८ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने काही कंपन्यांकडून लिहून घेतलं की खेळाडूचे स्वतःचे पैसे बोनसच्या अटींमुळे अडकवून ठेवणार नाही. २०२१ मध्ये तिथल्या जुगार आयोगाने, काढायला टाकलेले पैसे पुन्हा खेळात ओढण्याची सोय बंद केली, आणि लावले त्याहून कमी परत आले तरी जिंकल्यासारखं संगीत वाजवण्यावरही बंदी घातली. २०२५ मध्ये तिथेच वेजरिंगला १० पटीची मर्यादा जाहीर झाली. स्वीडनमध्ये २०१९ पासून बोनस फक्त पहिल्याच वेळी देता येतो. माझ्या मते १० पटही जास्तच आहे. द्यायचं तर रोख द्या, नाहीतर देऊच नका.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती खेळ सोडायचा प्रयत्न करणाऱ्यांची. जुगाराचं व्यसन हा मानसिक आजार आहे. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्याच गटात आहे. अशा माणसाला आठवडाभर लॉगिन केलं नाही की मेसेज येतो, 'तुमच्यासाठी २० फ्री स्पिन.' घरात असं कुणी असेल तर त्याच्याशी न रागावता बोला. त्याच्यासोबत बसून प्रमोशनचे मेसेज बंद करा आणि स्वतःला खेळण्यापासून रोखून घेण्याचा, म्हणजे सेल्फ एक्स्क्लूजनचा अर्ज त्याच बैठकीत भरा. बोनस खात्यात काही शिल्लक दिसत असेल तर ती तशीच सोडून द्या.