हौद्यात मावतं तेवढं गाडीला पेलत नाही

"थोडां जास्त भर मरे, काय होणा नाय."

सिंधुदुर्गात माल वाहणारा असा एक पिकअपवाला दाखवा, ज्याने हे ऐकलेलं नाही. मी कणकवली-मालवण पट्ट्यात पिकअप आणि ट्रॅक्टरची हायड्रॉलिक ट्रॉली चालवतो. चिरे, वाळू, खडी, शेणखत, भरावाची माती, हंगामात आंब्याच्या पेट्या, जे मिळेल ते वाहतो. या धंद्यावर माझं घर चालतं. म्हणून माझं एक ठाम मत आज सविस्तर लिहितोय. आपण छोट्या गाडीवाल्यांनी ब्रासवर भाडं सांगणं बंद केलं पाहिजे. भाडं वजनावर, वेळेवर आणि रस्त्यावर ठरलं पाहिजे, आणि गाडीच्या कागदावर जेवढं वजन लिहिलंय त्याच्या वर एक पाटीही टाकायची नाही.

आधी हिशोब बघा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एवढी कोरडी वाळू साधारण साडेचार टन भरते. खाडीतून काढलेली ओली वाळू त्याहून जड. म्हणजे अर्धा ब्रास झाला सव्वादोन टनांच्या पुढे. आपल्याकडे जास्त दिसणारी पिकअप १.३ किंवा १.७ टनांची असते, आणि छोटा हत्ती तर पाऊण टनाचा. तरी गावोगाव "पिकअपने अर्धा ब्रास" हाच दर चालतो. का, तर हौद्यात तेवढी वाळू मावते. फळ्या लावल्या की आणखी मावते. गिऱ्हाईकाला डोळ्यांनी हौदा भरलेला दिसला पाहिजे, आणि आपल्याला त्याला नाराज करायचं नसतं.

ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांनी आजच आरसी काढून बघा. भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. वजाबाकी करा, त्यातून ड्रायव्हर आणि बरोबर बसणारे हमाल वजा करा. उरेल तो तुमचा माल. बऱ्याच जणांना हा आकडा ऐकून धक्का बसतो, कारण दोन हमाल घेतले की तिथेच सव्वाशे-दीडशे किलो गेले.

चिऱ्याचंही तेच. नेहमीच्या मापाचा जांभा चिरा ३० किलोच्या आसपास भरतो. खाणीतून ताजा ओला आलेला असेल तर आणखी. १.७ टनांच्या गाडीत पन्नास-पंचावन्न चिरे झाले की संपलं. लोक शंभर मागतात. शंभर म्हणजे तीन टन. चिरे लावल्यावर गाडी अर्धीच भरलेली दिसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "एवढी जागा रिकामी घेऊन चाललास?" त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेचं उत्तर आपल्याकडे तोंडपाठ असलं पाहिजे.

आता पाट्यांचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा विषय, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. मागे दोन पाटे वाढवून घेतले की गाडी बसत नाही, म्हणून ती मजबूत झाली असं सगळे धरून चालतात. पाट्याने फक्त मागचा भाग उचलून धरला. ब्रेकचे ड्रम तेच, लायनर तेच, अ‍ॅक्सल तोच, टायरच्या कडेला छापलेली वजनाची मर्यादा तीच. वजन दुप्पट झालं की त्याच वेगातून गाडी थांबवायला ब्रेकला दुप्पट काम पडतं, आणि ते सगळं उष्णतेत जातं. सपाटीवर ते कळत नाही. करूळ किंवा फोंडा घाट उतरताना कळतं. कोल्हापूरहून टाइल्स नाहीतर सिमेंट भरून खाली येताना वळणामागून वळण ब्रेकवर पाय राहतो, ड्रम तापतात, लायनरचा वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी हवी तशी धरत नाही. घाट उतरायचा तो इंजिनावर, ज्या गियरमध्ये चढलो असतो त्याच गियरमध्ये. हे आपले जुने ट्रकवाले सांगत आले आहेत आणि ते शंभर टक्के खरं आहे. पण जादा वजन असलं की इंजिनही गाडी पुरेशी रोखून धरत नाही. पावसाळ्यात त्याच रस्त्यावर पाणी, गाळ, धुकं. गाडीत आपण बसलेले असतो, समोरून एसटी येत असते. दोनशे-तीनशे रुपयांच्या वाढीव मालासाठी एसटीतल्या माणसांचा जीव टांगणीला लावायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. जादा माल स्वतःच्या खर्चाने उतरवावा लागतो तो वेगळा. गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघांनाही हे कलम लागतं. हा दंड महिनाभराची कमाई घेऊन जातो. वाळू, चिरा, मुरूम गौण खनिजात येतात, त्यामुळे वाहतुकीचा पास नसेल तर महसूल खात्याकडून गाडी जप्त होते आणि मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो. "पास मागाहून देतो" म्हणणाऱ्याचा माल मी भरत नाही, मग तो नात्यातला असो. पास त्याच्या खिशात राहतो, गाडी माझी तहसीलच्या आवारात उभी राहते.

मग डंपरवाला ब्रासला जो दर देतो त्याच्याशी आपण टक्कर कशी द्यायची? द्यायचीच नाही. टनामागे डिझेल, ड्रायव्हर, वेळ, कशातच आपण डंपरच्या जवळ जाऊ शकत नाही. हायवेलगतच्या प्लॉटवर दहा ब्रास टाकायचे असतील तर मी स्वतः लोकांना सांगतो, डंपर बोलवा, तुमचे पैसे वाचतील. आपला धंदा डंपर जिथे थांबतो तिथून पुढे सुरू होतो. कोकणातली घरं बघा कुठे आहेत. डांबरी रस्ता सोडला की दोन गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली वाट, मग व्हाळावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल, मग चढ, त्यानंतर खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. त्या साकवावरून भरलेला डंपर नेणं म्हणजे साकव मोडणं. डंपर तिठ्यावर (तीन रस्ते मिळतात तिथे) वाळू ओतून जातो आणि तिथून ती घरापर्यंत न्यायला माणसं लावावी लागतात, नाहीतर पहिल्या पावसात अर्धी वाहून जाते. माझी पिकअप माल दारात पोचवते. ज्या गोष्टीचे पैसे मिळायला हवेत ती ही आहे. ती सोडून आपण डंपरच्या दराकडे बघून स्वतःचा भाव पाडतो आणि तो भरून काढायला गाडीत जास्त कोंबतो.

माझी भाडं काढायची पद्धत उघड सांगतो. रिकामं यायचं अंतर धरूनच किलोमीटर मोजतो, कारण वाडीतून परतीचा माल कधीच नसतो. भरलेल्या गाडीला चढ-उताराच्या रस्त्यावर जेवढं डिझेल खरंच लागतं तेवढं धरतो, कंपनीने छापलेला अ‍ॅव्हरेज नाही. खाणीवर नंबर लागेपर्यंतचा वेळ आणि माल उतरवायचा वेळ तासावर लावतो. यात सगळ्यात जास्त वाद होतो, पण चार तास गाडी उभी राहिली तर त्या दिवसातली दुसरी खेप गेलेली असते. वर वर्षाचा खर्च खेपांवर वाटून टाकतो. नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १६,०४९ रुपये अधिक कर आहे. शिवाय टायर, पासिंग, हप्ता, आणि पत्रा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना पत्र्याचं वेगळं सांगायला नको. खारी हवा आणि ओली वाळू मिळून हौद्याचा तळ खाऊन टाकतात. खाडीची वाळू उतरवली की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुणं हा माझ्याकडे नियम आहे. त्याचा वेळही भाड्यात असतो.

आणि हे सगळं कमवायचं ते आठ महिन्यांत. जूनमध्ये चिरेखाणी पाण्याने भरतात, बांधकामं थांबतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे बर्फाची आणि मासळीची भाडीही नाहीत. गणपतीच्या आधी थोडी हालचाल, मग थेट दिवाळीनंतर. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने असतो. त्यामुळे "पैसे काम झाल्यावर" ही उधारी छोट्या गाडीवाल्याला जमत नाही. घरमालक सहसा वेळेवर देतात. उधारी राहते ती मधल्या ठेकेदारांकडे.

ट्रॉलीबद्दल लिहायलाच हवं, कारण हायड्रॉलिक आली आणि लोकांना वाटलं काम सोपं झालं. उतरवणं सोपं झालं, धोका वाढला. ट्रॉली वर उचलली की सगळं वजन उंच जातं. चाकाखालची जमीन एका बाजूला कललेली असेल, किंवा नव्या भरावात एक चाक रुतलं, तर ट्रॉली आडवी होते. ओला मुरूम आणि लाल माती तर पुढच्या कोपऱ्यात चिकटून बसते. मागची माती पडून जाते आणि वर टांगलेला गोळा तसाच राहतो. अशा वेळी ट्रॅक्टरला झटके देऊन माती पाडायची सवय अनेकांना आहे. ती सोडा. ट्रॉली खाली घ्या, फावड्याने मोकळी करा, पुन्हा उचला. वाडीतल्या विजेच्या तारा आधी बघा, आणि उचललेली ट्रॉली घेऊन पुढे सरकू नका. तिच्याखाली टेकू लावल्याशिवाय कोणीही जायचं नाही, ग्रीस मारायलासुद्धा नाही. भरतानाही माल मागच्या टोकाला साठवू नका, दोनचाकी ट्रॉली मागे झुकते आणि चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं.

"उतार आहे, इथे ओतणार नाही, दहा पावलं अलीकडे ओततो" असं मी म्हटलं की लोक रागावतात. फावड्याने ओढायचं काम वाढतं, मला मान्य आहे. तरी मी तिथे ओतणार नाही. आणखी एक, शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याच्या चिऱ्यांना लावू नका. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

माझ्या धंदाबंधूंनो, आपणच एकमेकांचा दर पाडतोय. मी पन्नास चिऱ्यांचं भाडं सांगतो, शेजारच्या गावातला भाऊ त्याच पैशात ऐंशी टाकतो. गिऱ्हाईकाला मी महाग वाटतो. दोन वर्षांत त्या भावाची गाडी पाटे, बेअरिंग, क्लच करत गॅरेजला असते आणि हप्ता थकलेला असतो. हे मी डोळ्यांनी बघतोय आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ती मुलं मेहनती आहेत. मुंबईला न जाता गावात राहून काहीतरी करायचं म्हणून त्यांनी कर्ज काढलंय. एका तिठ्यावर उभे राहणारे दहा गाडीवाले जरी ठरवतील की गाडीच्या कागदावरच्या वजनाच्या वर कोणी भरणार नाही, तरी त्या तिठ्यावरचा दर आठवड्याभरात जागेवर येईल. आमच्याकडे पाच जण तयार आहेत. बाकीच्यांनी येत्या रविवारी स्टँडवर भेटा, बोलू.

आणि ज्यांना मेपर्यंत चिरे, वाळू, खत न्यायचंय त्यांनी फोन करताना एवढं सांगा: माल कुठून उचलायचा, घरापर्यंतची वाट किती रुंद, मध्ये साकव आहे का, उतरवायची जागा सपाट आहे का, आणि पास कोणाकडे आहे. जमलं तर वाटेचा फोटो पाठवा. मी भाडं तिथल्या तिथे सांगेन, आणि नंतर त्यात एक रुपयाही वाढवणार नाही.