लो साइड किकला घाणेरडी किक म्हणणं आता बंद करा

नाशिकमध्ये सिडको, सातपूर, इंदिरानगर, नाशिकरोड, कुठेही जा, संध्याकाळी कुठल्यातरी शाळेच्या मैदानात नाहीतर हॉलमध्ये पांढरे ड्रेस घातलेली पोरं लायनीत उभी राहून साइड किक (अंग आडवं करून टाचेने सरळ मारायची लाथ) मारताना दिसतातच. त्यातली काही पुढे एमएमएकडे (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ज्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालतं) वळतात आणि तिथं आल्या आल्या सगळ्यात आधी ही साइड किकच सोडून देतात. कारण काय, तर छातीवर मारलेली किक समोरचा पकडतो आणि उचलून आपटतो. मग पोरगं म्हणतं, सर ही इथं चालत नाही. अरे चालते बाबा, फक्त खाली मार. मांडीवर.

ही खालची किक म्हणजेच लो साइड किक, आणि गुडघ्याला इजा होते म्हणून काही लोक तिला घाणेरडी म्हणतात. पोरं ती मारत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाहीये. तायक्वांदोच्या स्पर्धेत कमरेखाली किक मारता येत नाही, पॉइंट कराटेत (गुणांवर खेळायच्या स्पर्धेत) पायावर मारलं तर पेनल्टी, त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच उंचीवर सराव होतो. खरंतर कराटेच्या कातांमध्ये (ठरलेल्या हालचालींच्या क्रमांमध्ये) गुडघ्याच्या उंचीवर मारायची फुमिकोमी आहे, फ्रान्सच्या सावात या लाथा-ठोशांच्या खेळात शासे बा म्हणून हीच खालची किक रोजच्या वापरातली आहे, आणि ब्रूस लीच्या जीत कुन दो या लढण्याच्या पद्धतीत तर ती पहिल्या हत्यारांपैकी. त्याचा हिशोब सरळ होता, आपला सगळ्यात लांब पोहोचणारा अवयव समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या अवयवावर टाकायचा.

किक बसते कशी ते सांगतो. पुढचा गुडघा थोडा उचलायचा, मागच्या पायाची टाच समोरच्याकडे वळवायची, कंबर फिरली की टाच सरळ रेषेत त्याच्या पुढच्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर. माणूस पंच मारायला पाऊल टाकतो तेव्हा सगळं वजन त्या पुढच्या पायावर येतं आणि नेमकी तेव्हाच ही टाच लागली की ते पाऊल तिथंच मरतं. पकडायला हात खाली नेला तर तोंड उघडं पडतं, आणि एवढ्या खालचा पाय धरणं तसंही अवघडच.

आमच्याकडे सरावाला तालमीतला एक पैलवान पोरगा येतो, पट काढायला (पाय धरून पाडायला) घुसला की भिंत अंगावर आल्यासारखं वाटतं. त्याच्यासमोर एका कराटेवाल्या मुलीला उभं केलं, वजनाने त्याच्या निम्मी नसली तरी बरीच कमी, आणि सांगितलं की दुसरं काही करू नकोस, तो खाली वाकायला लागला की टाच मांडीवर ठेव. तिने ठेवली. मारली म्हणण्यासारखा जोरही नव्हता, पण त्याचा पुढचा पाय वीतभर मागे सरकला, वाकलेलं डोकं वर आलं आणि तोपर्यंत तिचा उजवा हात त्याच्या कपाळाला टेकलेला होता. पैलवान स्वतःच म्हणाला, ताई परत एकदा दाखव.

एमएमए फायटर जॉन जोन्सने २०११ ला डेन्व्हरमध्ये रॅम्पेज जॅक्सनला असंच लांब ठेवलं होतं. जोन्स जास्त करून ओब्लिक किक वापरायचा, तिच्यात पंजा बाहेर वळवून तळपाय समोरून दाबतात, पण काम तेच. ६ फूट ४ इंच उंची आणि ८४.५ इंच रीच (हात पसरल्यावरची लांबी) असलेल्या माणसाला खरंतर लांब राहायला आणखी काही लागू नये, तरी तो सारखा मांडी-गुडघ्यावर पाय टाकत राहिला, कारण रॅम्पेजच्या हातात ताकद होती आणि तो हात पोहोचवायला त्याला पाऊल टाकावंच लागणार होतं. फाइट संपली चौथ्या राउंडला, जोन्सने मागून गळा आवळून (चोकने).

आता आक्षेपाचं बोलू. २०२१ मध्ये एमएमएच्या फाइटमध्ये खलील राउंट्रीने मोदेस्तास बुकाउस्कासच्या गुडघ्यावर किक मारली, गुडघा गेला, दुसऱ्या राउंडला फाइट थांबली आणि यावर बंदी आणा म्हणून ओरड झाली. २०१७ ला रोमेरोच्या किकने व्हिटेकरचा गुडघा पहिल्याच राउंडला दुखावला होता, तो गडी तसाच पाच राउंड लढला आणि जिंकला, ती गोष्ट वेगळी. लोक म्हणतात हील हुकनेही (टाच पिळून गुडघा मुरगळायच्या डावानेही) गुडघा फाटतो, ते चालतं मग हे का नको. पण हील हुकमध्ये निदान टॅप करायला (थाप मारून हार मानायला) क्षणभर तरी मिळतो, इथं तो मिळत नाही, हा मुद्दा मला पटतो. म्हणून माझं मत असं की प्रोफेशनल रिंगमध्ये आहे तसं राहू द्या, ती माणसं धोका समजून उतरलेली असतात, पण अमॅच्युअर स्पर्धेत आणि सरावात गुडघ्यावर सक्त मनाई हवी आणि मांडीवर पूर्ण मोकळीक. सरळ ताठ पायाच्या गुडघ्यावर समोरून टाच बसली तर लिगामेंट जातं आणि आपल्या पोरांमागे ऑपरेशनचा खर्च करणारी कुठली मोठी कंपनी उभी नसते.

किकमध्ये कमतरता आहेतच. अंग आडवं होतं, पाठ अर्धी दिसते, पुढची पोटरी काफ किकला उघडी राहते. चुकली आणि पाय तिथंच खाली पडला तर समोरचा बाजूने फिरून थेट मागून मिठी मारतो. समोरच्याने गुडघा वाकवून बाहेर वळवला की जोरही निम्मा होतो. म्हणून पाय जेवढ्या वेगाने गेला तेवढ्याच वेगाने परत आला पाहिजे, आणि मागोमाग पंच नाहीतर बाजूला एक पाऊल, नुसती किक मारून बघत उभं राहायचं नाही.

नाशिकमधल्या कराटे-तायक्वांदोच्या सरांना मनापासून विनंती आहे, ब्राउन बेल्टच्या पुढच्या पोरांना आठवड्यातला एक दिवस शिल्ड (किक मारायची जाड गादी) मांडीच्या उंचीवर धरून ही किक द्या, त्यांच्या कमरेत ती आधीच आहे, फक्त दोन फूट खाली आणायचीय. आणि जवळच्या तालमीतली एक-दोन पोरं बोलवा पट काढायला, म्हणजे टायमिंग खरं बसेल. ज्यांना करून बघायचंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा, रविवारी सकाळी गोल्फ क्लबवर जमू, शिनगार्ड आपापले आणा, शिल्ड मी आणतो.